अर्धी वडी

बोंडारवाडीत प्रत्येक घराच्या चौकटीवर निळ्या रंगाने आकडे लिहिलेले असत. घरात जितकी मुलं तितके आकडे, एकाखाली एक. पूर्वी डास मारायची फवारणी झाली की माणसं दारावर तारीख लिहून जात, त्याच जागी आता हे आकडे आले होते. पावसाने फिकट झाले की बीजमंडळाचा माणूस येऊन पुन्हा गिरवून जाई. मेंगाळांच्या चौकटीवर वर बासष्ट होता आणि त्याखाली एकतीस. बासष्ट म्हणजे भागू. एकतीस म्हणजे त्याची चुलतबहीण सुगी.

मूल जन्मलं की तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेत. माणसाच्या शरीरातल्या कणाकणात आईबापाकडून आलेला एक लांबलचक मजकूर असतो. त्यातल्या एकेका ओळीला जनुक म्हणतात. डोळ्यांचा रंग, केसांचं वळण, रक्ताचा गट, असं पुष्कळ काही त्यात लिहिलेलं असतं. मंडळाचं यंत्र त्या मजकुरातल्या नऊशे जागा तपासून प्रत्येक जागेला थोडे थोडे गुण देई आणि बेरजेतून शंभरपैकी एक आकडा काढी. त्याला बीजांक म्हणत. बीजांक चाळीसच्या वर असेल तर त्या मुलाला बारा वर्षांचं होईपर्यंत रोज एक पोषवडी मिळे आणि सहाव्या वर्षी शाळा मिळे. चाळीसच्या खाली असेल तर वडी नाही, आणि सहाव्या वर्षी हातशाळा. हातशाळा धरणाच्या खालच्या अंगाला होती. मुलं तिथेच राहत, टोपल्या विणायला, रोपं भरायला, फरशी घासायला शिकत. अक्षरं शिकवत नसत, कारण ती वाया जातात असं ठरलेलं होतं.

यात कोणी दुष्टपणा करत आहे असं कोणालाच वाटत नसे. मंडळाची माणसं गोड बोलत. जे मुळात नाही ते आणायला जाऊन लेकराला कशाला शिणवायचं, असं ती आयांना समजावत, आणि आया मान हलवत. चाळीस वर्षांपूर्वी मोठी पाहणी होऊन शास्त्राने हे सिद्ध केलं होतं. ती पाहणी याच डोंगरात झाली होती.

सुगीचं कार्ड वैशाखात आलं. जूनच्या पंधरा तारखेला तिला हातशाळेत पोचतं करायचं होतं.

कार्ड आलं तेव्हा सुगीची आजी चांगुणा अंगणात नागली पाखडत होती. कार्ड तिच्या हातात देणाऱ्याने काय लिहिलंय ते सांगायला तोंड उघडलं, तर ओट्यावर बसलेल्या सुगीनेच ते लांबून वाचून दाखवलं. वाचता वाचता ती एका शब्दापाशी अडली. तो शब्द हातशाळा होता. माणूस हसला. त्याला वाटलं पोरीला कोणीतरी घोकून दिलंय.

कोणी घोकून दिलं नव्हतं. भागू तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं पुस्तक घरात आलं तसं सुगीने ते उलट्या बाजूने बघत बघत शिकून घेतलं, आणि आजीलाही शिकवलं. साठी उलटल्यावर चांगुणाला आपलं नाव लिहिता यायला लागलं. भागूची पोषवडीही रोज सकाळी मोडली जाई, अर्धी भागूला, अर्धी सुगीला. भागूच्या आईने यावर कधी एक शब्द काढला नाही. तिच्या नवऱ्याचं आणि दिराचं, म्हणजे धावजीचं आणि सुगीचा बाप खंडू याचं, लहानपणी तसंच चाललेलं होतं हे तिला सासूने लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं.

वडी मोडणं हा गुन्हा होता. सापडलं तर वडी बंद होई.

शेजारच्या फसाबाईच्या चौकटीवर एकच आकडा होता, तेहतीस. ती तिची नात नवशी. तिचंही कार्ड त्याच दिवशी आलं. नवशीचे आईबाप वीटभट्टीवर होते, घरात चाळीसच्या वरचं मूल कोणी नव्हतं, त्यामुळे अर्धी करायला वडीच नव्हती. नवशी सुगीपेक्षा चार महिन्यांनी मोठी, पण उभी राहिली की सुगीच्या कानाला लागे. चांगुणाच्या मनात कधी कधी येई की अर्ध्याचं पाव करावं. मग ती म्हणे, पावाने कोणाचंच पोट भरायचं नाही. आणि विषय मनातच मिटवून टाकी.

कार्डं आली त्या दुपारी फसाबाई येऊन बसली. दोघी एका वयाच्या, दोघींना चाळीस वर्षांपूर्वी जुळी झालेली, दोघी त्या पाहणीत होत्या. आपण तेव्हा काय केलं ते जाऊन सांगावं, असं चांगुणा म्हणाली. फसाबाईला आधी भीती वाटली, मग नवशीकडे बघून तिचीही भीती गेली. तू आधी जा, तुला लिहिता येतं, असं तिने ठरवून टाकलं. "तुझ्या मागनं मी येते. जे इचारतील त्ये सांगीन. पर माझ्या पोरीचं बी बोल गं तिथं."

"तुझं काय आन माझं काय," चांगुणा म्हणाली.

जिल्ह्याच्या गावी बीजमंडळाची इमारत होती. फेरतपासणीच्या खिडकीवर एक तरुण बाई बसलेली. तिने अर्ज पुढे सरकवला. अर्जात कारणाचे दोनच रकाने होते. एक, रक्त वाचताना चूक झाली. दोन, मुलांची अदलाबदल झाली. चांगुणाने बोट ठेवून दोन्ही रकाने वाचले आणि म्हणाली, दोन्हीतलं काही नाही. पाहणीच चुकली होती, असं लिहायचंय.

त्या बाईने सांगितलं की त्याला रकाना नाही.

मग चांगुणाने तिथेच उभं राहून सांगायला सुरुवात केली. आवाज तिचा डोंगरातला, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाणारा. वडी आम्ही मोडत होतो, सगळ्याजणी मोडत होतो, असं ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आतलं दार उघडलं आणि एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला. डॉक्टर उद्धव केळशीकर. नव्या लोकांना ते नाव पुस्तकातून माहीत होतं, कारण जुळ्यांची पाहणी त्यांची होती. निवृत्त झाले तरी महिन्यातून चार दिवस येऊन फेरतपासणीच्या कागदांवर सही करत. चांगुणाने त्यांना ओळखलं. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"तुम्ही माझ्या वट्यावर बसून कोरा चहा पेत व्हता," ती म्हणाली. "धावजी आन खंडू. धावजीला वडी, खंडूला न्हाई."

ते तिला आत घेऊन गेले.

पाहणी अशी होती. एकाच बीजाचे दोन भाग होऊन जी जुळी जन्मतात, त्यांचा जनुकांचा मजकूर अक्षर न् अक्षर सारखा असतो. म्हणून अशा दोघांत पुढे जो फरक पडेल तो बीजाचा नसणार, वाढवणुकीचा असणार. केळशीकरांनी डोंगरातल्या वाड्यांतून अशा बासष्ट जोड्या गोळा केल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला सहा वर्षं रोज पोषवडी आणि रोज एक तास शिकवणी. दुसऱ्याला घरात जे असेल ते. सहा वर्षांनी दोघांची उंची मोजायची, वजन करायचं, बुद्धीची परीक्षा घ्यायची. वडीने फरक पडत असेल तर एक पुढे दिसेल, एक मागे.

सहा वर्षांनी मोजलं तेव्हा बासष्ट जोड्यांपैकी अठ्ठावन्न जोड्यांत बोटभराचाही फरक निघाला नाही.

त्यावरून निष्कर्ष निघाला की वाढवणुकीने काही होत नाही, सगळं बीज ठरवतं. त्या काळात सरकारला असा निष्कर्ष हवाच होता. डोंगरातल्या सगळ्या वाड्यांना वडी द्यायची योजना कागदावर तयार होती, ती त्याच वर्षी बंद झाली. पुढे तिच्या जागी बीजांक आला.

चांगुणाने जे सांगितलं ते केळशीकरांनी मध्ये न बोलता ऐकलं. चांगुणाच्या वाडीत जुळ्यांना एका देठाची म्हणतात. बारशाच्या दिवशी आजी एक भाकरी दोघांच्या ओठांना लावून मधोमध मोडते. तिथून पुढे एकाच्या तोंडात जे जाईल त्याचं अर्धं दुसऱ्याच्या तोंडात गेलं पाहिजे. त्याला अर्धुकं म्हणतात. आईने अर्धुकं चुकवलं तर तिच्या हातचं पाणी कोणी पीत नाही. वडी वाटणारी मुलगी समोर उभी राहून बघायची, म्हणून पहिली दोन वर्षं चांगुणाने वडी कुटून आंबिलीत मिसळली. धावजी अर्धी वाटी प्यायचा, मुलगी पुढच्या घरी गेली की उरलेली खंडूला. पुढे सगळे दात आल्यावर धावजीच अर्धी वडी गालात धरून ठेवायला शिकला. शिकवणी चालू असताना खंडू कुडाच्या पलीकडे बसून ऐकत असे. सगळ्या वाड्यांत हेच. यात कोणाला लबाडी वाटत नव्हती, कारण वडी न मोडण्यासारखं काही असू शकतं हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग तेव्हा मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं न्हाई. तुम्ही उंची मोजली."

 केळशीकरांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढायला लावलं. धावजीचं पान निघालं. चांगुणाने पोराचं नाव अक्षर अक्षर जोडत स्वतः वाचलं. नावापुढे उंची, खाली खंडूची उंची, आणि तिसऱ्या ओळीत त्यांच्या थोरल्या भावाची, त्याच वयातली. दोन्ही जुळे थोरल्यापेक्षा दोन बोटं उंच होते. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावर तेच. वडी न मिळालेलं मूलसुद्धा आपल्याच सख्ख्या भावंडांपेक्षा उंच. समासात केळशीकरांच्या तरुण हाताने लिहिलेलं होतं, जुळ्यांचं बीज मुळात चांगलं दिसतं.

"इथे मला कळायला हवं होतं," ते म्हणाले.

चांगुणा म्हणाली, एका कणसाची नागली आम्ही दोन वाफ्यांत टाकतो. एका वाफ्यात पालापाचोळा जाळून राब केला, दुसऱ्यात नाही केला, तर आठ दिवसांत डोळ्याला फरक दिसतो. पण दोन्हीकडे अर्धा अर्धा राब केला तर दोन्ही वाफे सारखे उगवणार. त्यावरून राबाचा उपयोग नाही असं कोणी म्हणेल का?

मी म्हणालो, असं केळशीकर म्हणाले.

त्या दिवशी ते तिच्याशी दोन तास बोलले. इतकी वर्षं जे ते मोठ्या सभांत सांगत आले होते ते आता एका म्हातारीला उलट्या बाजूने सांगत होते. लोक त्यांना विचारत, माणसात बीज किती टक्के आणि वाढवणूक किती टक्के. आणि ते आकडा सांगत. पण मजकूर असून भागत नाही, तो उघडून वाचला जावा लागतो. पोटात अन्न नसेल, अंगात ताप असेल, कानावर शब्द पडत नसतील, तर जनुकांच्या कित्येक ओळी मिटलेल्याच राहतात. बीज आणि वाढवणूक अशी दोन गाठोडी वेगळी करून तोलता येत नाहीत.

"भाकरीत पीठ किती आन आच किती, असं इचारल्यावानी हाय त्ये," चांगुणा म्हणाली. मग तिने विचारलं, त्या नऊशे जागा कशा शोधल्या?

त्यांनी सांगितलं. शहरातली चांगली वाढलेली, शिकलेली हजारो माणसं घेतली आणि न वाढलेली, न शिकलेली हजारो घेतली. पहिल्यांच्या रक्तात ज्या ओळी जास्त सापडल्या त्यांना गुण दिले.

"म्हंजी जेवलेल्या घरांच्या रगतात."

केळशीकरांनी चष्मा काढून पुसला. "आणि त्याहून वाईट पुढे झालं," ते म्हणाले. "आता आकडा खरा ठरतो. तीस वर्षं आपण कमी आकड्याच्या मुलाला खायला देत नाही, शिकवत नाही. मग ते खुजं राहतं, त्याला वाचता येत नाही. आपण ते मोजतो आणि म्हणतो, पाहा, आकडा बरोबर होता. दर वर्षी तपासणी होते आणि दर वर्षी तो बरोबर निघतो. त्याला खोटं पाडायचं तर कमी आकड्याचं एक मूल नीट जेवलेलं, शिकलेलं दाखवावं लागेल. तसं मूल कुठे शिल्लक नाही."

"माझ्या घरी हाय की."

आठ दिवसांनी केळशीकर स्वतः बोंडारवाडीत आले. जीप खाली ओढ्यापाशी थांबली, तिथून त्यांना दोघांनी धरून वर आणलं. पाहणीतल्या आयांपैकी वाडीत तिघीच जिवंत होत्या. तिघींनी वेगवेगळं बसून एकच सांगितलं. फसाबाईला तर त्यांचा प्रश्नच समजेना. एका देठाच्या दोघांतल्या एकालाच भरवायचं, असं खरंच वाटलं होतं का तुम्हाला, असं तिने त्यांनाच विचारलं, आणि हसली. मग म्हणाली, डॉक्टरदादा, तुम्हाला भावंडं न्हाईत काय? त्यांना नव्हती.

त्यांनी सुगीला आणि नवशीला शेजारी शेजारी उभं करून मोजलं. सुगीला पुस्तकातला एक धडा वाचायला लावला. नवशीला विचारलं, तुला येतं का. नवशीने पुस्तक हातात घेतलं, उलटं धरलं, आणि सुगी करत होती तसे ओठ हलवले. फसाबाई म्हणाली, तिला बी शिकायचंय, तिला कोणी बसवत न्हाई एवढंच. केळशीकरांनी वहीत लिहिलं की बीजांक तेहतीस असलेली मुलगी लहान आणि निरक्षर, बीजांक एकतीस असलेली उंच आणि वाचणारी, आणि दोघींमधला फरक म्हणजे सहा वर्षांच्या अर्ध्या वड्या.  निघताना त्यांनी फसाबाईचं नाव साक्षीदार म्हणून लिहून घेतलं. तिने अंगठा उठवला आणि दिवसभर तो निळा अंगठा वाडीत सगळ्यांना दाखवत फिरली.

जूनची नऊ तारीख होती तेव्हा चांगुणाला बोलावणं आलं. ती सुगीला घेऊन गेली. फसाबाईने तिच्या पिशवीत नवशीचंही कार्ड घातलं.

केळशीकर त्या दिवशी दहा दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले दिसले. आधी त्यांनी सुगीला बाहेर बसवायला सांगितलं. मग मंडळात काय झालं ते सांगितलं. मंडळाने त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं होतं. कोणी रागावलं नाही. अध्यक्षांनी एवढंच म्हटलं की तीस वर्षांचे सगळे आकडे एका बाजूला आहेत आणि तीन म्हाताऱ्यांची आठवण दुसऱ्या बाजूला. तरीही सुनावणी व्हावी असं डॉक्टरांना वाटत असेल तर होईल. नियमाप्रमाणे समिती बसेल, चार-पाच वर्षं लागतील. पुरावा म्हणून एकतीस बीजांकाची मुलगी एकतीसच राहिली पाहिजे. मध्येच तिला शाळेत घातलं तर ती पुरावा राहणार नाही, म्हणून इतरांप्रमाणेच ती पंधरा तारखेला हातशाळेत जाईल. आणि घरात वडी मोडली जात होती हे लेखी कबूल केल्यावर भागूची वडी त्या दिवसापासून बंद होईल, कदाचित शाळाही.

"चार-पाच वर्सांनी ती धाची हुईल."

"हो."

"तवर तिथं फरशा घासंल. आन मंग तुम्ही तिला मोजाल. तवा ती कशी दिसंल?"

"एकतीससारखी," केळशीकर म्हणाले.

 मग त्यांनी टेबलाच्या खणातून तोच पहिला अर्ज काढला, दोन रकान्यांचा. पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. रक्त वाचताना चूक झाली. यंत्र कधी कधी चुकतं, हजारात एखादं. मूल चलाख दिसलं आणि आकडा कमी असला की मंडळ मुकाट्याने हीच दुरुस्ती करतं, नेहमी करत आलं आहे. एकतीसच्या जागी एकाहत्तर होईल. सही त्यांचीच लागते. सुगीला सोमवारपासून शाळा मिळेल, वडी मिळेल, पुरती. भागूच्या वडीला कोणी हात लावणार नाही. अट एकच, की मोडलेल्या वडीचं पुन्हा कोणी कुठे बोलायचं नाही. चूक यंत्राची असेल तर वडीचा संबंध राहत नाही.

चांगुणाने अर्ज पूर्ण वाचला. तिला वाचायला वेळ लागे.

"आन तुमचं नाव बी राहतंय," ती म्हणाली.

केळशीकर अर्जाची घडी सरळ करत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

तिने पिशवीतून दुसरं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "ही नवशी. तुम्ही मोजली तिला. हिचं बी करा."

केळशीकरांनी कार्ड उचललंसुद्धा नाही. एका वाडीत एका वर्षी दोन चुका निघाल्या तर मंडळ यंत्र तपासायला येतं, ते म्हणाले. मग दोन्ही रक्तं पुन्हा वाचली जातील, आणि पुन्हा एकतीस आणि तेहतीसच निघतील. शिवाय नवशी वाचत नाही, तिला बघून चूक झाली होती असं कोणालाही वाटणार नाही.

"वाचंल कशी? तिला दिलं कुठं काय?"

"ते मला कळतं, चांगुणाबाई," ते म्हणाले. "आता मला सगळं कळतं."

बाहेर बाकावर सुगी भिंतीवरच्या पाट्या मोठ्याने वाचत बसली होती. थुंकू नये. रांगेत उभे राहावे. खिडकीतल्या तरुण बाईने तिला काहीतरी विचारलं, तिने काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघी हसल्या. चांगुणा ते ऐकत राहिली. तिला वाटलं, सांगावं, नको तुमची सही, नेऊन घाला पोरीला हातशाळेत, मी सुनावणीला उभी राहीन. पाच वर्षं जगले तर उभी राहीन. मग सगळ्या वाड्यांतल्या पोरांच्या चौकटी पुसल्या जातील. कदाचित. आणि त्यासाठी ही एक पोर उपाशी ठेवायची, बाकीच्यांना कळावं म्हणून. तरुणपणी हेच तर तिला कोणीतरी करायला सांगितलं होतं, तेव्हा तिने ऐकलं नव्हतं. आता कळत होतं की ऐकलं असतं, खंडूला खरंच उपाशी ठेवलं असतं, तर आज दारावर आकडे नसते.

हा विचार तिला सहन झाला नाही. तिने अर्ज जवळ ओढला आणि सही केली. सुगीने शिकवल्याप्रमाणे, चा मोठा आणि बाकीची अक्षरं लहान होत गेलेली. केळशीकरांनी खाली आपली सही केली. रजिस्टर पुन्हा कपाटात गेलं. नवशीचं कार्ड तिने पिशवीत ठेवलं.

त्या वर्षीच्या अहवालात बोंडारवाडीसमोर नेहमीचीच ओळ आली. वरच्या बीजांकाची मुलं अपेक्षेप्रमाणे, खालच्या बीजांकाची अपेक्षेप्रमाणे, अपवाद नाही.

पण ते पुढे. चौदा तारखेला सकाळी मंडळाचा माणूस रंगाचा डबा घेऊन आला आणि मेंगाळांच्या चौकटीवरचा एकतीस खरवडून त्याने तिथे एकाहत्तर लिहिला. वाडीतली पोरं बघायला जमली. सुगीला नवं पुस्तक मिळालं होतं, ते घेऊन ती ओट्यावर बसली. नवशी तिच्या शेजारी.

फसाबाई आली. ती पंधरा दिवस वाट बघत होती की आपल्याला साक्षीला कधी बोलावतात, आणि परत आल्यापासून चांगुणा कळवतील एवढंच सांगत होती. चौकटीवरचा ओला आकडा तिला वाचता आला नाही, तिने शेजारच्या पोराला विचारून घेतलं. मग चांगुणाजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "सांगितलंस सगळं? मानलं त्यांनी?"

"तसं न्हाई," चांगुणा म्हणाली. "सुगीचा आकडाच चुकला व्हता. यंतर चुकलं."

"आन वडीचं?"

"वडीचं काय न्हाई त्यात."

 फसाबाईने अंगठ्यावर उरलेली पुसट शाई नखाने खरवडली. "मंग नवशीचा बी चुकला आसंल," ती म्हणाली. "एकच यंतर ना?"

चांगुणाने तिच्याकडे बघितलं नाही. सुपातल्या दाण्यांत खडे नव्हते, तरी ती बोटांनी खडे शोधत होती. चाळीस वर्षांची शेजारीण. दोघींनी एकमेकींच्या पोरांना पाजलेलं.

"मी इचारलं," ती म्हणाली. "दोनदा बघितलं त्यांनी. नवशीचा बरोबर हाय."

 फसाबाईने मान वळवून ओट्याकडे बघितलं. सुगी वाचत होती आणि नवशी पुस्तकावर वाकून, एकेका अक्षराखालून बोट फिरवत, तिच्या मागोमाग म्हणत होती. एका ठिकाणी ती चुकली. सहा वर्षांत फसाबाईने नातीकडे असं कधी बघितलं नव्हतं.  मग उठली, पदर खोचला आणि नवशीच्या हातातून पुस्तक काढून सुगीच्या मांडीवर ठेवलं.

"चल घरी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "उद्या जायचंय तुला. त्यात तुला काय कळायचंय?"